वाऱ्याला भिंत घालणाऱ्यांचा इतिहास: सीस्तानपासून शिरूर-दौंडच्या पठारापर्यंत

१/
रब्बी ज्वारीची मळणी झाली की शिरूर-दौंडच्या पठारावरचा शेतकरी खळ्यात उंच तिवईवर उभा राही आणि भरलेली पाटी वाऱ्यावर हळूहळू रिकामी करी. दाणे पायाशी पडत, भूस दूर उडून जाई. वारा पडला की हात थांबे. वारा कुठून येतो, किती आहे आणि कामाला पुरेल का, याची ही साधी पण चोख परीक्षा होती.

२/
त्याच वाऱ्यावर विहिरीचे पाणी उपसता येईल का, घरात दिवा लागेल का, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना माणसाने हजार वर्षे नाना यंत्रे बांधली. त्यांतल्या एका घराण्याची ही कथा: उभ्या अक्षाच्या आणि भोवती वारा वळवणाऱ्या भिंती असलेल्या पवनचक्क्यांची. या कथेत दावे पुष्कळ आहेत. मोजमाप मात्र प्रत्येक वेळी उशिरा आले आहे.

३/
आधी उभा अक्ष म्हणजे काय ते पाहू. साताऱ्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्कीचा अक्ष आडवा असतो. वाऱ्याची दिशा बदलली की तिला तोंड फिरवावे लागते. उभ्या अक्षाच्या चक्कीचा अक्ष जात्याच्या खुंट्यासारखा जमिनीतून सरळ वर जातो आणि पाती त्याच्याभोवती फिरतात. वारा कोणत्याही दिशेने आला तरी तिला तोंड वळवण्याची गरज नसते.

४/
या घराण्याचे मूळ गाव सीस्तान, म्हणजे आजच्या इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरचा वाळवंटी मुलूख. दहाव्या शतकातील अरबी भूगोलकारांनी तेथील पवनचक्क्यांची नोंद केली आहे. इराणच्या खोरासान प्रांतातील नश्तीफान येथे मातीच्या उंच भिंतींमध्ये बसवलेल्या, लाकडी पात्यांच्या अशा चक्क्या आजही उभ्या आहेत. त्यांवर धान्य दळले जाई.

५/
या चक्कीतील खरी युक्ती तिच्या भिंतीत आहे. उभ्या अक्षाभोवती फिरणारी पाती अर्धा फेरा वाऱ्याबरोबर जातात आणि अर्धा फेरा वाऱ्याविरुद्ध येतात. एका बाजूने मिळालेला जोर दुसऱ्या बाजूने खर्च होतो. सीस्तानच्या कारागिरांनी परतणाऱ्या पात्यांसमोर भिंत घातली आणि उरलेल्या फटीतून वारा आत घेतला. भिंतीच्या साहाय्याने चक्कीचे बळ वाढवण्याची कल्पना अशी हजार वर्षे जुनी आहे.

६/
ही भिंत तेथे उपयोगी पडली याचे कारण तेथील हवामानात आहे. सीस्तानात उन्हाळ्यात सुमारे एकशेवीस दिवस जोरकस वारा वाहतो आणि तो जवळजवळ एकाच दिशेने येतो. म्हणून भिंत एकदा बांधली की पिढ्यान्‌पिढ्या चाले. हा तपशील लक्षात ठेवावा. कथेच्या अखेरीस, शिरूरच्या माळावर, तो पुन्हा लागणार आहे.

७/
अठराव्या शतकात ही कल्पना इंग्लंडमध्ये दिसते. स्टीफन हूपर याने १७८८ साली लंडनजवळ बॅटर्सी येथे उभ्या अक्षाची प्रचंड पवनचक्की उभारली. तिची पाती एका लाकडी मनोऱ्याच्या आत होती आणि मनोऱ्याला सभोवार उभ्या झडपा होत्या. झडपा उघडून वारा आत घ्यायचा आणि मिटून थोपवायचा. भिंत आता हलती झाली होती. मात्र तिच्यामुळे किती काम जास्त होते, हे काटेकोर मोजण्याची रीत पवनचक्क्यांच्या धंद्यात अजून रुजली नव्हती.

८/
त्या रीतीचा पाया थोडा आधी घातला गेला होता. अभियंता जॉन स्मीटन याने १७५९ साली पाणी आणि वारा यांच्या शक्तीवरील आपले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या कामासाठी त्याला कोप्ली पदक मिळाले. हवा तसा आणि हवा तेव्हा वारा मिळत नाही, ही त्याची अडचण होती. त्याने छोटी चक्की एका लांब दांड्याच्या टोकाला बसवली आणि दांडाच गोल फिरवला. वारा स्थिर आणि चक्की धावती! वेग ठाऊक असेल तरच शक्तीची तुलना करता येते, हा धडा तेथून मिळाला.

९/
पण उघड्यावरच्या वाऱ्याचा वेग मोजायचा कसा? १८४६ साली आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे संचालक थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी चार अर्धगोल पेल्यांचा वायुवेगमापक तयार केला. हवामान केंद्राच्या खांबावर गरगर फिरणारे पेले पुष्कळांनी पाहिलेले असतात. नीट पाहिले तर तीही एक उभ्या अक्षाची पवनचक्कीच आहे. वारा मोजणारे यंत्र आणि ज्याची परीक्षा घ्यायची ते यंत्र, दोन्ही एकाच घराण्यातली.

१०/
येथेच इतिहासाने एक फटका दिला. पेले केवढेही असोत, दांडे कितीही लांब असोत, पेल्यांचा वेग नेहमी वाऱ्याच्या वेगाच्या एक-तृतीयांश असतो, असे रॉबिन्सन यांनी सांगितले होते. ते चूक निघाले. हे प्रमाण पेल्यांच्या आणि दांड्यांच्या मापांवर अवलंबून असते. चूक लक्षात येईपर्यंत अनेक दशकांच्या नोंदी वाऱ्याला प्रत्यक्षाहून वेगवान ठरवीत राहिल्या. मापकाचीच परीक्षा झालेली नसेल, तर त्याने घेतलेल्या परीक्षेला काय किंमत राहते?

११/
तरीही या घराण्याच्या वाट्याला एक मोठा मान आला. जुलै १८८७ मध्ये ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधील मेरीकर्क गावी आपल्या सुट्टीतील घराच्या आवारात कापडी शिडांची, उभ्या अक्षाची पवनचक्की उभारली. तिच्या विजेने संचायक भरून त्यांनी घरात दिवे लावले. पुढे त्यांनी पाती बदलून रॉबिन्सनच्या पेल्यांसारखी रचना केली. वाऱ्यापासून वीज घेण्याच्या अगदी आरंभीच्या यंत्रांत उभ्या अक्षाची चक्की होती.

१२/
विसाव्या शतकाच्या आरंभी गणिताने मर्यादा घालून दिली. ब्रिटनमध्ये लँचेस्टर (१९१५), जर्मनीत बेट्झ (१९१९) आणि रशियात झुकोव्स्की (१९२०) यांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला: उघड्या वाऱ्यातील चक्कीला तिच्या पात्यांच्या क्षेत्रातून जाणाऱ्या वाऱ्याची जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती घेता येते. सगळी शक्ती काढून घेतली तर हवा चक्कीमागे थबकेल आणि मागून येणारा वारा बाजूने निघून जाईल.

१३/
१९२० च्या दशकात दोन नवे वंशज जन्मले. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस याने नळकांडे उभे चिरून त्याचे दोन अर्ध एकमेकांपासून थोडे सरकवले. वरून पाहिल्यास इंग्रजी ‘एस’ अक्षर दिसते. फ्रान्सच्या जॉर्ज दारियस याने १९२५ साली पेटंटसाठी मांडलेल्या चक्कीत विमानाच्या पंखासारखी वाकलेली पाती होती. पहिली चक्की वाऱ्याच्या रेट्यावर फिरते आणि संथ पण जोरकस असते. दुसरी वेगवान असते, पण स्वतःहून सुरू होताना अडते.

१४/
सॅव्होनियसने १९३१ साली आपल्या चक्कीचे आकडे प्रसिद्ध केले: वातबोगद्यात, म्हणजे पंख्याने वारा सोडलेल्या प्रयोगाच्या बोगद्यात, ३१ टक्के आणि उघड्या वाऱ्यात ३७ टक्के. टिनाच्या पिंपातून बनणाऱ्या चक्कीसाठी हे आकडे डोळे दिपवणारे होते. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते पुस्तकांतून फिरत राहिले.

१५/
१९७३ च्या तेलसंकटानंतर जगाला पवनचक्क्यांची आठवण झाली. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील ब्लॅकवेल, शेल्डाल आणि फेल्ट्झ यांनी १९७७ साली सॅव्होनियसच्या पंधरा वेगवेगळ्या रचना सुमारे पाच मीटर उंच आणि सहा मीटर रुंद अशा मोठ्या वातबोगद्यात तपासल्या. उत्तम रचनेचा आकडा २४ टक्क्यांच्या आसपास आला. यंत्र तेच होते. मोजणारे हात आणि मोजण्याची शिस्त बदलली होती.

१६/
असा फरक पडण्याच्या वाटा अनेक आहेत. बोगदा अरुंद असेल तर चक्की त्यात बुचासारखी बसते, वाऱ्याला बाजूने निसटता येत नाही आणि तिला फुकटचा जोर मिळतो. उघड्यावर झोत येऊन गेल्यावरही जड चक्की काही काळ फिरत राहते. त्या क्षणी वेगमापक कमी वारा दाखवतो आणि चक्की जास्त शक्ती. दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यांचा भागाकार खोटा असतो.

१७/
आता कथा पुण्यात येते. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४८ साली तेथील उपकरण विभागात अन्ना मणी रुजू झाल्या. परदेशातून येणारी हवामानाची उपकरणे देशातच बनावीत यासाठी त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. मापक चुकीचा असण्यापेक्षा नसलेला बरा, अशी त्यांची शिस्त होती.

१८/
निवृत्तीनंतर अन्ना मणी वाऱ्याच्या नोंदींकडे वळल्या. १९८३ साली त्यांचा आणि डी. ए. मुळे यांचा भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे देशभरातील शेकडो ठिकाणी वाऱ्याचे मोजमाप झाले. १९८६ साली देशातील पहिल्या काही पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक सिंधुदुर्गातील देवगडला उभा राहिला. कोठे चक्की लावावी, याचे उत्तर आता अंदाजाऐवजी वहीतून मिळू लागले होते.

१९/
त्याच १९८३ साली शिरूर तालुक्यात आणखी एक आरंभ झाला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळ या अवर्षणप्रवण गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, ही त्यामागची धारणा. लोहारकाम, वेल्डिंग, बांधकाम, शेती, ऊर्जा हे तेथील विषय. भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजण्याचे कामही या मुलांच्या शिक्षणाचा भाग झाले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅबही आली.

२०/
पाबळचे महत्त्व समजण्यासाठी भूगोल पाहावा. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यात पाटसपर्यंत पोहोचला आणि त्याच्या काठी पुढे ऊस उभा राहिला. पाबळच्या बाजूचा शेतकरी विहिरीवर आणि पावसावर अवलंबून राहिला. जेथे पाणी वर काढण्याला पैसा पडतो, तेथे ‘फुकटच्या वाऱ्यावर चालणारे यंत्र’ हे शब्द कानाला फार गोड लागतात. आणि तेथेच खोटा आकडा सर्वांत महाग पडतो.

२१/
या पठारावरचा वारा आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून जोराने वाहतो. रब्बीला पाणी द्यायचे असते त्या थंडीच्या दिवसांत तो मंदावतो. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो. येथील हवेच्या घनतेनुसार सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ११८ वॅट शक्ती असते. ३ मीटरच्या वाऱ्यात फक्त १५ वॅट. वेग निम्मा झाला की शक्ती आठ पटींनी घटते.

२२/
गावच्या कार्यशाळेला उभ्या अक्षाची चक्की आवडण्यामागे कारणे आहेत. पिंप चिरून पाती होतात, जनित्र खाली जमिनीजवळ ठेवता येते, दुरुस्तीला उंच चढावे लागत नाही. मग कोणीतरी भोवती पत्र्याच्या उभ्या झडपा लावतो आणि चक्की जोरात फिरू लागते. झडपांमुळे पात्यांजवळचा वेग ३० टक्के वाढला तरी घनाच्या नियमाने शक्ती सुमारे २.२ पट होते. ‘दुप्पट वीज’ हा दावा येथून जन्मतो, आणि बहुतेक वेळा तो प्रामाणिक असतो.

२३/
त्याची परीक्षा घेण्याचे साहित्य कोणत्याही कार्यशाळेत असते. चक्कीच्या अक्षावर कप्पी बसवायची, तिच्यावरून दोरी घालायची आणि दोन टोकांना तानकाटे लावायचे. समजा, चक्कीचा दर्शनी भाग १ चौरस मीटर आहे. ६ मीटरच्या वाऱ्यात १० सेंटिमीटर त्रिज्येच्या कप्पीवर दोन्ही काट्यांतील फरक २० न्यूटन आला, म्हणजे सुमारे २ किलोचा ताण, आणि चक्की मिनिटाला ९० फेरे घेते. शक्ती झाली सुमारे १९ वॅट. ११८ पैकी १९, म्हणजे १६ टक्के. पिंपाच्या चक्कीला हे साजेसे आहे.

२४/
आता झडपा लावल्या आणि त्याच वाऱ्यात ३८ वॅट मिळाले असे मानू. पात्यांच्या १ चौरस मीटरने भागले तर ३२ टक्के, म्हणजे सॅव्होनियसच्या दाव्याच्या पंक्तीला. पण झडपांसह यंत्राने वाऱ्यासमोर २ चौरस मीटर जागा अडवली असेल, तर त्या जागेतून जाणारी शक्ती २३६ वॅट आहे. त्याने भागले की पुन्हा १६ टक्केच! झडपांनी वारा निर्माण केला नाही, शेजारचा वारा गोळा केला. तेवढ्याच जागेत दुप्पट मोठी चक्की लावली असती तरी तेवढेच मिळाले असते.

२५/
म्हणून झडपा निरुपयोगी ठरतात असे नाही. स्थिर पत्रा फिरत्या पात्याहून स्वस्त पडू शकतो आणि मंद वाऱ्यात चक्की सुरू व्हायला त्याची मदत होऊ शकते. पण त्याच पत्र्याला वळिवाच्या वादळातही उभे राहायचे असते. शिवाय येथील वारा सीस्तानसारखा एकमार्गी नाही. पावसाळ्यात तो पश्चिमेचा, थंडीत बहुधा पूर्वेकडचा. एका दिशेसाठी बांधलेली भिंत दुसऱ्या ऋतूत वाट अडवते. सभोवार लावलेल्या झडपांपैकी काही नेहमीच वाऱ्याच्या आड येतात.

२६/
खरी परीक्षा म्हणूनच सावकाश घ्यावी लागते. एकाच जागी, एकाच खांबावर, आधी उघडी चक्की आणि मग झडपांसह. वेगमापक चक्कीपासून तिच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर ठेवायचा, म्हणजे झडपांनी वळवलेला वारा त्याला फसवणार नाही. नोंदी एकेका मिनिटाच्या सरासरीच्या, वाऱ्याच्या वेगानुसार अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या गटांत. लहान पवनचक्क्यांसाठीची आजची आंतरराष्ट्रीय पद्धत थोडक्यात हीच आहे. वही भरायला अनेक आठवडे लागतात. चक्की एकदा जोरात फिरताना दाखवायला अर्धा मिनिट पुरतो.

२७/
सरासरीतही एक खड्डा आहे. अर्धा दिवस वारा २ मीटर आणि अर्धा दिवस ६ मीटर असेल तर सरासरी ४ मीटर येते आणि तिचा घन ६४. पण प्रत्यक्ष घनांची सरासरी ११२ आहे. दिवसाच्या सरासरी वाऱ्यावरून हिशेब करणारा वाऱ्याची शक्ती कमी धरतो आणि मिळालेली वीज पाहून आपल्या चक्कीला चमत्कारी समजतो. या घराण्याच्या इतिहासातील अनेक चमत्कार अशा बेरजा-भागाकारांत विरघळतात.

२८/
उभ्या अक्षाच्या मोठ्या यंत्रांची गतही सांगितली पाहिजे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात काप-शा येथे ‘एओल’ नावाची, ११० मीटर उंचीची दारियस चक्की १९८० च्या दशकाच्या अखेरीस चालू झाली. १९९३ साली खालचे बेअरिंग निकामी झाल्यावर ती कायमची थांबली. वजन पेलणारा तळ हा उभ्या अक्षाचा जुना दुबळेपणा. मोठ्या वीजनिर्मितीचे मैदान तोवर आडव्या अक्षाच्या चक्क्यांनी जिंकले होते.

२९/
मात्र एक वंशज हरला नाही. रॉबिन्सनचे पेले, आता चारऐवजी तीन, जगभरच्या हवामान केंद्रांवर आजही फिरतात. वीज देण्यात मागे पडलेल्या घराण्याने जगाला वारा मोजायला शिकवले, आणि त्याच मोजमापाने घराण्यातील इतरांचे दावे तपासले गेले. जुन्या यंत्रांच्या इतिहासात यश कोठे दडलेले असेल, हे सांगता येत नाही.

३०/
शिरूर-दौंडच्या खळ्यातील शेतकऱ्याने वाऱ्याला कधी फसवले नाही, कारण फसवून धान्य स्वच्छ होत नसे. पाबळने मुलांच्या हाती वेल्डिंगच्या यंत्राबरोबर मोजण्याची उपकरणेही दिली, त्यामागचा विचार याच जातीचा आहे. यापुढे कोणी ‘दुप्पट वीज देणारी पवनचक्की’ दाखवली तर दोन प्रश्न विचारावेत: वेगमापक कोठे ठेवला होता, आणि भागाकार कोणत्या क्षेत्रफळाने केला? हजार वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांत मावतो.